कंदील मासे आणि चुन्याचे दगड

मी खोल समुद्रातल्या कंदील माशांवर काम करते. आमच्या गावी पांढुर्ण्यात हे सांगणं म्हणजे डोक्याला ताप. बोटभर मासा, पोटावर बारक्या दिव्यांची रांग, त्या दिव्यांवरून जात ओळखायची आणि कोणती जात कुठल्या पाण्यात राहते ते नकाशावर मांडायचं. एवढं समजावलं, की नातेवाईक चव कशी आहे ते विचारतात. आता काय बोलावं!

बाबा तर कट्टर शाकाहारी, शनिवार चुकवत नाहीत जामसांवलीच्या मारुतीचा. कोणी विचारलं की पोरगी सरकारी कामात आहे म्हणायचे आणि लगेच संत्र्याच्या भावावर यायचे. मासे हा शब्द त्यांनी चारचौघांत कधी काढला नाही. मला ते फार लागायचं. त्यांना माझ्या कामाची लाज वाटते, हे मी धरूनच चालले होते.

यंदा संत्र्याच्या तोडणीला घरी आले, तेव्हा सोबत प्रबंधाचा नकाशा होता. ओसरीत पसरला, चार कोपऱ्यांवर चार संत्री ठेवली. बाबा शेजारी येऊन बसले. एक जात अरबी समुद्रात दाट होती, बंगालच्या उपसागरात अगदी तुरळक. वरून पाणी सारखंच दिसतं, पण खाली कुठे गार, कुठे कोमट, कुठे प्राणवायू कमी, आणि मासे ते पाहून राहतात, असं मी सांगितलं. मातीचंही तसंच असते, म्हणाले. मग दक्षिणेकडच्या कोऱ्या भागावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे ही जात नाही, मी ठणकावून सांगितलं.

"जाळं टाकलं होतं तिथं?"

नव्हतं टाकलं. तिकडे आमचं जहाज गेलंच नव्हतं.

बाबा उठले आणि मला वावरात घेऊन गेले. आमच्या तीन बोअर कोरड्या गेल्या आहेत. प्रत्येक जागी त्यांनी एक दगड रोवलाय आणि दर दिवाळीला ते त्याला चुना लावतात. बुडाल्या पैशाची कसली सजावट, म्हणून सगळे हसतात. मीही हसायची.

"इथं खोदलं, पाणी नाही लागलं, म्हणून दगड," बाबा म्हणाले. "बाकी वावरात पाणी नाही, असं मी म्हणत नाही. तिथं मी पाह्यलंच नाही."

माझं तोंड एवढंसं झालं. जाळं रिकामं आलं ती जागा आणि जाळं पडलंच नाही ती जागा, दोन्ही मी सारख्याच कोऱ्या सोडल्या होत्या. परीक्षकांनी सालपटं काढली असती माझी.

घरी येऊन रिकाम्या जाळ्यांच्या जागी पोकळ गोल काढायला बसले. बाबा समोर संत्रं सोलत होते. चार-पाच गोल झाले आणि माझा हात थांबला. आठ वर्षं मी या माणसाला माझ्या कामाची लाज वाटते, लाज वाटते म्हणत होते. विचारलं कधी होतं?

"बाबा, माझ्या कामाची लाज वाटते तुम्हाला?"

ते सोलतच राहिले. "मासे म्हटलं का लोकं हसतात. तुह्यावर कोणी हसलेलं मले नाही खपत, म्हणून नाही सांगत." मग माझ्याकडे पाहिलं. "आठ वर्षं झाली, बाई. आज विचारून राह्यली तू?"

मला रडू आलं. शाई ओली होती, म्हणून मी नकाशावरून बाजूला सरकले.