ऐकू न आलेली शीळ

त्यांना कानसेन हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. पण पस्तीस वर्षांत ते इतकं चिकटलं, की वीजबिल सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठे उरलंच नाही. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत वळेपर्यंत तिचं दुखणं ओळखणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. उघडून बघा." उघडलं की तेच निघायचं. शेजारचा लेथवाला म्हणायचा, "तुझ्यासमोर खोकायचीसुद्धा चोरी. छाती उघडून बघायला सांगशील."

अशा माणसाला गेल्या वर्षापासून कमी ऐकू येत होतं.

सगळंच नाही. बोलणं, हॉर्न, हातोडा, सगळं ठीक. गेले होते ते फक्त बारीक, टोकदार आवाज. फ्रिजचं दार उघडं राहिलं की आतून काहीतरी चिवचिवतं, हे त्यांना कळलं ते बायको खेकसली तेव्हा. "अहो, शेजारी बसलाय आणि कानात बोळे घातलेत का?" दुसऱ्या दिवशी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, काचेच्या खोलीत बसून त्यांनी तपासणी करून घेतली. कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ गेली होती आणि पुढे घसरगुंडीसारखी खाली आली होती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, लेथवाल्याला नाही, आणि ठिणगीला तर मुळीच नाही.

ठिणगी म्हणजे त्यांची सत्तावीस वर्षांची मुलगी. वेल्डिंग आणि वायरिंग तिच्याकडे. जिभेने तिखट, हाताने नेटकी. गिऱ्हाइकांशी ती भांडायची, लेथवाल्याशी रोज भांडायची. बाबांच्या कानाशी मात्र ती कधी वाद घालत नसे.

अशात डॉक्टरबाईंची गाडी आली. साठ वर्षांची, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार, बाईंच्या वडिलांची. बाई डोळ्यांच्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. गाडीची जुनी पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, चार गिअरांची आणि भारी मानी. पुढचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे, आणि बाईंच्या डाव्या गुडघ्याने आता संप पुकारला होता.

"एक तर गुडघा बदलायचा, नाहीतर गिअरबॉक्स," बाई म्हणाल्या. "गिअरबॉक्सला भूल द्यावी लागत नाही, म्हणून तुमच्याकडे आले. पण एक ऐका, या इंजिनाला काही होता कामा नये. दुसरं मिळणार नाही."

आजकालच्या गाडीची पाच गिअरांची पेटी साठ वर्षांच्या इंजिनाला जोडायची, म्हणजे दोन वेगळ्या घरांचं एकच दार करायचं. बोल्टांची भोकं जुळत नव्हती, म्हणून लेथवाल्याने मध्ये बसवायला ॲल्युमिनियमची जाड प्लेट कातून दिली. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा आखूड करावा लागला. शेवटी राहिलं ते सगळ्यात छोटं काम. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या शेपटाला एक भोक असतं, त्यात पितळी बुश, म्हणजे नळीसारखी छोटी कडी, आणि त्या बुशात गिअरबॉक्सच्या दांड्याचं नाक फिरतं. जुना बुश काढून नव्या नाकाच्या मापाचा बसवायचा होता. जुना काही केल्या निघेना. तेव्हा कानसेनांनी ठेवणीतली युक्ती काढली. ओल्या वर्तमानपत्राचे बोळे भोकात ठासायचे, वरून बरोबर मापाची सळई ठोकायची. कागद मागून रेटा देतो आणि बुश आपण होऊन बाहेर येतो. आलाही, आणि त्या जागी नवा बसला.

शुक्रवारी पेटी चढवायची होती. कानसेनांचा एक नियम साऱ्या गल्लीला पाठ होता. पेटी हाताने बसली पाहिजे. बोल्टने ओढावी लागली तर कुठेतरी चूक आहे. त्या दिवशी शेवटच्या तीन मिलिमीटरांवर पेटी अडली. गाडीखाली पडल्यापडल्या खांदे थरथरायला लागले होते.

"बाबा, उतरवून परत बघू या का?"

"क्लचप्लेट जरा अडली असेल. बोल्टवर येईल."

ठिणगीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाना दिला. बोल्ट आवळले. पेटी आली.

मग इंजिन सुरू केलं. ठिणगी सीटवर, कानसेन बॉनेटखाली, स्क्रूड्रायव्हर कानामागे, डोळे मिटलेले. तिने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "उत्तम," ते म्हणाले. ती क्षणभर काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने इंजिन बंद केलं.

शनिवारी सकाळी डॉक्टरबाई बॅग घेऊनच आल्या. इथूनच निघायचं, वाटेत बहिणीला घ्यायचं आणि तीनशे किलोमीटर डोंगरातला रस्ता. आधी एक छोटी फेरी मारू म्हणाल्या. कानसेन शेजारी बसले.

बाई खुशीत होत्या. गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडत होते. शाळेचा चढ, वळण, गोदामांची गल्ली. चौकातल्या दिव्याशी थांबताना त्यांनी क्लच दाबून धरला आणि हसून म्हणाल्या, "नव्या पेट्या शीळ घालतात, हे मला माहीत नव्हतं."

कानसेनांनी कान टवकारले. इंजिनाची घरघर, बसचा हॉर्न, दुसरं काही नाही.

"घालतात थोडी," ते म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. दिवा हिरवा झाला. परतीच्या वाटेवर त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे चोरून बघायला सुरुवात केली. आता वाजतेय का? आता? बाईंची भुवई एकदा चौकात हलली, एकदा उतारावर. कधी हलली आणि का, ते काही त्यांना जुळवता येईना. बहिऱ्या माणसाने गाण्याला मान डोलवावी तशी त्यांची गत झाली होती.

गॅरेजमध्ये येताच बाई चहा घेत बाकावर बसल्या. "हा कप संपला की निघते," म्हणाल्या. बॅग सीटमागे गेलेली होती. कानसेनांनी ठिणगीला वर्कबेंचच्या मागे नेलं.

"शीळ कसली वाजतेय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कसली म्हणजे?"

"कसली म्हणजे कसली. तू ऐकलीस?"

"कालच ऐकली. तुम्ही 'उत्तम' म्हणालात." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हटलं, नव्या पेटीला असेल. तुम्ही ऐकून गप्प बसलात, म्हणजे... बाबा, तुम्ही ऐकलीत ना?"

ते पान्यांची रांग सरळ करू लागले. रांग आधीच सरळ होती.

"लेथवाले काकापण ऐकून गेले," ठिणगीचा आवाज उतरला. "ते म्हणाले, कानसेनाने ऐकलंय, आपण कशाला अक्कल पाजळायची."

म्हणजे साऱ्या गल्लीने ऐकली होती, आणि त्यांच्या कानावर भरवसा ठेवून सगळे चिडीचूप बसले होते.

"कधी वाजते? क्लच दाबल्यावर की सोडल्यावर?"

"दाबला की येते. सोडला की जाते."

आता त्यांना ऐकायची गरज राहिली नाही. क्लच दाबला की इंजिन फिरतं आणि पेटीचा दांडा थांबतो. दोघं एकमेकांवर घासतील अशी जागा एकच, तो पितळी बुश. काल तीन मिलिमीटर कशाला अडले होते, तेही डोळ्यांपुढे आलं. नाक आत कुठेतरी टेकलं होतं आणि इंजिनाच्या मुख्य दांड्याला पुढे रेटत होतं. डोंगरातल्या रस्त्यावर, शंभरदा क्लच दाबत, ते इंजिन स्वतःला खात सुटलं असतं.

बाईंनी कप खाली ठेवला आणि किल्ली उचलली.

"लेथवाल्याची प्लेट वाकडी आहे म्हणून सांगू?" ठिणगी पुटपुटली. "मी काकांना समजावेन."

बाई गाडीत बसल्या. कानसेन तरातरा गेले आणि दारावर हात ठेवून उभे राहिले.

"डॉक्टरबाई, गाडी न्यायची नाही."

"का?"

"शीळ वाजतेय म्हणून."

"घालतात थोडी म्हणालात ना?"

"मला ती ऐकूच आली नव्हती." ते पुढे म्हणाले, "वर्ष झालं, बारीक आवाज मला येत नाहीत. तपासून घेतलंय. कुणाला सांगितलं नाही. पेटी बसवताना चूक केली ती मी, आणि ती मला ऐकू आली नाही."

बाई चांगल्याच संतापल्या. "म्हणजे मी माझ्या बहिणीला घेऊन त्या घाटात... आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून थाप मारलीत?"

"मारली."

"निदान 'बघतो' तरी म्हणायचं होतं!"

बाईंनी बहिणीला फोन लावला, "आज जमणार नाही, कारण नंतर सांगते," म्हटलं, आणि गाडीतून उतरल्या. घरी मात्र गेल्या नाहीत. "मला दाखवा," म्हणाल्या.

कानसेनांनी इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या चाकाला डायल गेज लावलं, बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं. मुख्य दांड्याला पुढे-मागे केसभर तरी जागा हवी. त्यांनी पहार टेकवून दांडा रेटला. काटा शून्यावरून हलला नाही. पुन्हा जोर लावला. काटा ढिम्म. मग ठिणगीने गाडीखाली जाऊन पेटीचे बोल्ट एकेक आटा सैल केले. चौथ्या बोल्टला काटा थरथरला आणि सरकला. बाईंनी तो स्वतः वाकून पाहिला.

पेटी उतरवायला दुपार गेली. भिंतीपलीकडून सगळं ऐकलेला लेथवाला न बोलावता आला, गाडीखाली घुसला, आणि घामाघूम होऊन एवढंच म्हणाला, "वर्षभर मी तुझ्यामागे हळू आवाजात शिव्या देत होतो. उगाच घसा सांभाळला."

कुणी हसलं नाही. मग ठिणगीला हसू फुटलं.

बुशाच्या भोकात काय आहे ते कुणाला दिसेना. बाई पुढे सरसावल्या. "सरका. अंधाऱ्या भोकांत बॅटरी मारून बघण्यातच माझा जन्म गेलाय." एक डोळा मिटून त्यांनी आत पाहिलं. "तळाशी राखाडी काहीतरी आहे. कागद?"

कागदच होता. जुना बुश काढताना ठासलेला, हातोड्याने विटेसारखा घट्ट झालेला. भोकाची खोली कानसेनांनी त्याआधी मोजली होती. नंतर मोजायचं राहून गेलं. तारेच्या आकड्याने उकरून काढलेल्या बोळ्यावर शब्दकोड्याचे चौकोन अजून दिसत होते. तो बोळा त्यांनी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला, लेथवाल्यालाही.

संध्याकाळी पेटी पुन्हा चढवली. या वेळी ती हातानेच आत सरकत गेली आणि प्लेटला टेकली. गेजचा काटा जेवढा हलायला हवा तेवढाच हलला. इंजिन वाचलं होतं. कानसेनांनी मोजमाप दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा ठिणगीला घ्यायला लावलं.

इंजिन सुरू झालं. सवयीने त्यांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला. पण बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या ठिणगीकडे वळल्या.

"तू सांग. काय ऐकू येतंय?"

ठिणगी बाबांकडे बघायला लागली.

"माझ्याकडे बघू नकोस," कानसेन म्हणाले. "गाडीकडे बघ."

तिने डोळे मिटले. लेथवाल्याने सीटवरून क्लच दाबला. पुन्हा दाबा म्हणून तिने बोट वर केलं. पुन्हा दाबला. ती वाकली, दुसऱ्या बाजूला गेली, तिथेही ऐकलं. त्या दोन-तीन मिनिटांत कानसेन निकालाच्या दिवशी फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या पोरासारखे उभे होते. निकाल समोर होता आणि त्यांना तो वाचता येत नव्हता.

"शीळ नाही," ती म्हणाली. "पंख्याचा पट्टा जरा सैल आहे, तो चिरकतोय. बाकी साफ."

"आवळ मग," कानसेन म्हणाले.

बाईंनी किल्ली ठिणगीच्या हातात ठेवली. "उद्या सकाळी येते. आणि तुम्ही," त्या कानसेनांकडे वळल्या, राग अजून पुरता उतरला नव्हता, "सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. माझी मैत्रीण आहे, मी कळवून ठेवते."

"बघतो," कानसेन म्हणाले.

"बघणार नाहीत, जाणार आहेत," ठिणगी म्हणाली. "मी घेऊन जाते त्यांना."

बारा नंबरचा पाना उचलून कानसेनांनी तिच्या हातात दिला, आणि पंख्याचा पट्टा ती कसा आवळते ते बघत बाजूला उभे राहिले.