राणीला थांबवून घेतलं

मंडळी, आज मी पेचात सापडलेय, म्हणून लिहितेय.

मी औरादला विशेष मुलांना शिकवते. माझ्या वर्गातल्या राणीला ऐकू येत नाही. तिला शाळेत घाला म्हणून सांगायला घरी गेले की तिची आई वर्षभर मला दारातूनच परत पाठवायची. हळूहळू तिचा विश्वास बसला आणि तिनं राणीला शाळेत घातलं.

आज सकाळी ती स्वतःच शाळेत आली. म्हणाली, "ताई, थोरलीला बघायला पाव्हणे यायलेत. राणीला सांजेपर्यंत तुमच्यापाशी ठिवा. हिला बघितलं तर सोयरीक मोडंल."

थोरलीचं आधीचं एक स्थळ तसंच मोडलं होतं. मी हो म्हणाले.

शाळा सुटल्यावर राणी दप्तर घेऊन दारात उभी. अक्का आज साडी नेसणार, मला बघायचंय, असं हातांनी सांगत होती. मी खुणेनंच खोटं बोलले, आज जास्तीचा तास आहे. ती मुकाट्यानं बसली.

संध्याकाळी आई आली. "जमलं ताई, तुमी होता म्हणून." मग हळूच म्हणाली, "लग्नाच्या दिवशी बी ठिवून घ्याल न्हवं?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. नाही म्हटलं तर ते दार पुन्हा बंद होईल आणि राणीची शाळाही सुटेल. तुम्ही काय म्हणाला असता?