चार बोटांचा फरक

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री राहतात. पुढे सुतारकामाचा कारखाना, मागे घर आणि मध्ये एक दार. बायको होती तोपर्यंत ते दार दिवसभर बंद असायचं, भुसा आत येतो म्हणून. आता ते उघडंच असतं. त्यामुळे हल्ली मीठ-साखरेच्या डब्यांवर भुसा असतो आणि रंध्याशेजारी चहाचे विसरलेले कप सापडतात.

मिस्त्री सहा फुटांच्या वर नक्की किती आहेत ते कुणी मोजलेलं नाही. गल्ली त्यांना 'शिडी' म्हणते, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, कारण त्यांचा राग नाकावर असतो आणि ते नाक आपल्या हाताला लागत नाही.

त्यांच्या हातची खुर्ची मोडत नाही, करकरत नाही, डुगडुगत नाही. फक्त तिच्यावर बसलं की पाय जमिनीला लागत नाहीत. मी मोजून पाच फूट दोन. नऊ वर्षं मी माझ्याच घरात जेवायला बसलो की पहिलीतल्या मुलासारखा पाय हलवत बसतो. खुर्च्या नव्या असताना मी एकदा धीर करून त्यांना म्हटलं होतं, मिस्त्री, जरा उंच झाल्यात का? त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पोचट लाकडाकडे पाहावं तसं पाहिलं.

"खुर्ची बरोबर आहे साहेब," ते म्हणाले. "पाय कमी पडतायत."

तक्रारींना त्यांची अशी दोनच उत्तरं होती. एक हे. दुसरं, "बसायला शिका." टेबल उंच म्हणणाऱ्याला ते लिहायला शिका म्हणायचे आणि कपाटाच्या वरच्या कप्प्याला हात पोचत नाही म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी, तिथे रोज लागणारं काही ठेवायचंच कशाला, असं विचारलं होतं. गिऱ्हाईक गप्प बसलं की मिस्त्रींना वाटायचं, पटलं.

या सगळ्याच्या मुळाशी होती एक पट्टी. सागाची, अंगठ्याएवढी रुंद, तिच्यावर तीन खाचा. एक गुडघ्याची, एक कोपराची, एक डोळ्यांची. मिस्त्री काम शिकत होते तेव्हा त्यांच्या उस्तादांनी ती त्यांच्याच अंगावर धरून त्यांच्याचकडून करवून घेतली होती. गुडघ्याच्या खाचेवर बैठक, कोपराच्या खाचेवरून ओटा आणि टेबल, डोळ्यांच्या खाचेवर आरसा आणि कप्पे. टेप लागत नाही, आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. उस्ताद म्हणाले होते, माणूस बदलला की पट्टी नवी. उस्ताद गेले आणि मिस्त्रींच्या मनाने घेतलं की माणसागणिक काठी तासत बसणं हा वेळेचा नुसता नास आहे. चांगली पट्टी एकच पुरते. चाळीस वर्षं त्या पट्टीवर त्यांनी अख्ख्या गल्लीचं फर्निचर केलं. म्हणजे अख्खी गल्ली एकट्या मिस्त्रींना बसण्याजोगी करून ठेवली.

त्यांची बायको त्यांच्या छातीला लागायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, ओटा आणि खुर्ची थोडी खाली घेता का. मिस्त्री दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून दोन फळकुटं उचलली आणि स्वतःच खिळे ठोकून एक पायरी केली. ओट्याशी तिच्यावर उभी राहायची. जेवायला बसली की तीच पायाने टेबलाखाली ओढून घ्यायची. खिळे वाकडेतिकडे बसले होते. मिस्त्री आल्यागेल्याला ती पायरी दाखवायचे, "बघा, सुताराच्या घरातलं काम." सगळे हसायचे. तीही हसायची. त्यानंतर एकतीस वर्षांत उंचीचा विषय तिने काढला नाही, आणि चार वर्षांपूर्वी ती गेली.

मुलगी आईच्याच चणीची. तिच्या लग्नात मिस्त्रींनी टेबल आणि चार खुर्च्या दिल्या. काय सांधे होते, काय पॉलिश! आई गेल्यावर वर्षभराने ते तिच्या घरी गेले, तर चारही खुर्च्यांचे पाय खालून कापलेले. कापलेल्या जागी पांढरं लाकूड उघडं. कुठल्यातरी परक्या सुताराने करवत चालवली होती, तीही जरा तिरकी. त्यांनी पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि उठले.

"बाबा, मोडल्या नाहीत हो," मुलगी दारापर्यंत मागे आली. "बसण्याजोग्या करून घेतल्या."

"मग त्यालाच बाप म्हण."

हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, ते मोठ्या अभिमानाने. नंतर रविवारी तिचा फोन यायचा. हे म्हणायचे कामात आहे. पुढे फोन महिन्याने यायला लागला, मग सणासुदीला... तीन वर्षं गेली. मिस्त्री दुपारी कारखान्यात एकटेच जेवायचे, करवतीच्या बाकावर ताट ठेवून. मी जाता येता दिसलो की हाक मारायचे, दारात उभं करून कुणाचं काय चुकलं ते सांगायचे, आणि मी निघालो की आणखी एक चूक आठवायचे. माणसाला बोलावण्याची त्यांची तऱ्हाच ती, हे कळायला मला बराच काळ लागला.

मध्यंतरी त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि वर सांगितलं, मिस्त्री, रोज संध्याकाळी वहीत स्वतःची एक चूक लिहा, डोकं हलकं होतं. औषध म्हटल्यावर हे नेमाने घेणार. अकरा दिवसांची वही त्यांनी मला वाचायला दिली. 'आज माझी चूक : शेजाऱ्याला खरं सांगितलं.' 'आज माझी चूक : प्लायवुडवाल्यावर विश्वास ठेवला.' 'आज माझी चूक : साहेबांना खुर्चीत कसं बसावं हे आधीच शिकवलं नाही.' साहेब म्हणजे मी. प्रेशर जिथल्या तिथे होतं.

मग मुलीचा फोन आला. जावयाची बदली झाली होती, फार लांब, दीड दिवसाचा प्रवास. महिनाअखेरीला निघायचं होतं. नव्या जागेत टेबल-खुर्च्या मावणार नव्हत्या. विकायच्या की तुमच्याकडे पाठवू, एवढंच तिने विचारलं. मिस्त्री म्हणाले, पाठव. तिने बरं म्हणून फोन ठेवला. फोन ठेवल्यावर त्यांना म्हणे असं वाटलं की आता दोघांमध्ये बोलायला काही उरलेलं नाही. एक सामान होतं, तेही परत येतंय.

टेंपोतून खुर्च्या उतरल्या. मिस्त्रींनी ठरवलं, कापलेल्या पायांना जोड देऊन त्या पुन्हा होत्या तशा करायच्या. सकाळीच पट्टी लावून पाहिली. चार बोटं कमी. आता तेवढ्याच उंचीचं, मुरलेलं लाकूड हवं. शोधता शोधता त्यांना ओट्याखाली बायकोची पायरी सापडली. तिच्यावर पट्टी धरली तर चार बोटं, बरोब्बर. आणि हा माणूस खूश झाला. आयतं माप मिळालं म्हणून करवत आणायला उठलासुद्धा.

करवत घेऊन परत आले आणि पायरी उलटीसुलटी करताना त्यांना वरची बाजू दिसली. दोन टाचांच्या जागी लाकूड झिजून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

मला त्यांनी हाक मारली ती दहाच्या सुमाराला. मी कामावर निघालो होतो. नेहमीचा आवाज नव्हता म्हणून आत गेलो. मुलीची एक खुर्ची त्यांनी पुढे सरकवली.

"बसा."

बसलो. पाय टेकले. सबंध तळवे जमिनीवर. नऊ वर्षांत मला ठाऊकच नव्हतं की मिस्त्रींची खुर्ची इतकी सुखाची असते.

"पाय लागले?"

"लागले."

"तुमच्या घरातल्या खुर्च्यांवर?"

"लोंबतात."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो मिस्त्री. पाय कमी पडतायत म्हणालात."

ते हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. मला घेऊन ते आत गेले आणि बेसिनवरच्या आरशापुढे उभं केलं. तो आरसा पट्टीवरच्या तिसऱ्या खाचेवर लावलेला, हे सांगायला नको.

"काय दिसतं?"

असा प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत नाही, मिस्त्रींनी माझ्यादेखत विचारलेला हा पहिलाच. माझ्या उंचीचाही कुणाला तरी उपयोग होत होता. मी टाचा न उचलता, इमानदारीने पाहिलं.

"माझं कपाळ."

"आणखी?"

"मागचा दिवा."

"तोंड?"

"तोंड नाही."

त्यांनी माझी उंची नजरेने मोजली. माझ्यापेक्षाही त्यांची बायको दोन-तीन बोटं कमीच होती.

"एकतीस वर्षं मी तिला म्हणत होतो," मिस्त्री म्हणाले, "केस विंचरायला खिडकीपाशी काय जातेस, घरात आरसा आहे."

मग ते मोठं धूड माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसलं, हळूहळू, आधार घेत, आणि त्यांचं डोकं जवळजवळ तिच्या उंचीला आलं. तिथून त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं. कप्प्यांची खालची बाजू दिसत होती, जी त्यांनी कधी घासली नव्हती, पॉलिशही लावलं नव्हतं. तिकडे कोण बघतंय म्हणून. त्या खरबरीत लाकडावरून त्यांनी बोट फिरवलं. बोटात कुसळ गेलं. काढून द्यायला पुढे झालो तर म्हणाले, राहू द्या.

महिनाअखेरीला तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखाना बंद ठेवला, दाढी केली आणि एक कोरी, खाच नसलेली पट्टी घेऊन मुलीच्या घरी गेले. पुढचं मला त्यांच्याच तुटक बोलण्यातून कळलेलं. घर अर्धं रिकामं होतं, भिंतीला टेकून खोकी रचलेली. मुलीला वाटलं बाबा भांडायला आले. तिने बसायलाही सांगितलं नाही. सांगून बसणार कशावर? हे म्हणाले, भिंतीला टेकून उभी राहा, सरळ. ती राहिली. तिच्यापुढे हे खाली बसले, पट्टी जमिनीवर उभी धरली आणि गुडघ्यापाशी पेन्सिलीने खूण केली. मग कोपरापाशी. मग डोळ्यांपाशी, तेव्हा म्हणे तिचे डोळे भरलेले होते, त्यामुळे खूण जरा हलली.

"आईचंही एवढंच माप होतं का?" तिने विचारलं.

"ते मी घेतलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले.

चहा त्यांनी घेतला. खोक्यावर बसून, सबंध कप.

मुलगी नव्या गावी गेली. तिची खुर्ची करायला मिस्त्रींना पाच आठवडे लागले. हातातली गिऱ्हाइकाची कामं बाजूला ठेवून केली. खालची बाजूसुद्धा घासली, पॉलिश केली. ट्रान्सपोर्टने पाठवली आणि मग कारखान्यात एकदम फार शांतता झाली. वहीही त्यांनी बंद केली होती. मी विचारलं तर म्हणाले, एकच चूक रोज काय लिहायची.

मी मुद्दाम संध्याकाळी डोकवायला लागलो. बेसिनवरचा आरसा त्यांनी खाली घेतला होता. आता त्यात त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं दिसतात आणि दाढी करताना पार वाकावं लागतं. मी म्हटलं, मिस्त्री, तुम्ही एकटेच राहता, आरसा कुणासाठी खाली घेतला? दुसरा एक वर लावून टाका. ते म्हणाले, वाकतो की. पायरी त्यांनी पुन्हा ओट्याजवळ ठेवली होती. तिला ते वळसा घालून जातात.

फोन आला त्या दिवशी मी तिथेच होतो. रविवार होता. मिस्त्रींचे हात लाकूड चिकटवायच्या सरसाने भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला. खुर्ची पोचली, मुलगी म्हणाली. सुरेख झालीय. पाय टेकतात बाबा, दोन्ही.

"बरं," मिस्त्री म्हणाले. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग ती जपून, एकेक शब्द मोजत म्हणाली, "एक सांगू का? खुर्चीची पाठ जरा ताठ झालीय. म्हणजे तशी चालेल. सहज सांगितलं."

मी रंध्याकडे बघायला लागलो. चाळीस वर्षांची दोन उत्तरं तयार होती, आणि फोनमध्ये दीड दिवसाच्या अंतरावर ती श्वास रोखून उभी होती.

मिस्त्रींनी सरसाचे हात पँटला पुसले. कानावरची पेन्सिल काढली. वही हाताशी नव्हती म्हणून बाकावरचं एक फळकूट पुढे ओढलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"ताठ किती झालीय? टेकून बस आणि सांग. मी थांबतो."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मिस्त्री फळकुटावर पेन्सिल टेकवून, फोनवर वाकून थांबले होते.