नंबर नसलेली जोडी

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतं कोण? बेचाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, दुसऱ्यांना दात करून दिले. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचा, कुणाचं पार बोळकं, कुणाचे दात शाबूत पण एखाद्यावर टोपी हवी, हे त्यात प्लास्टर ओतायचे, की तोंड जसंच्या तसं पांढरंफटक होऊन टेबलावर हजर. त्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, आणि शेवटी गुलाबी हिरड्यांची चकचकीत कवळी डबीत घालून डॉक्टरकडे परत. पेशंट कवळी घालून सुखानं खायला लागायचा. त्याचं प्लास्टरचं तोंड मात्र इथंच राहायचं. उद्या कवळी मोडली तर साचा हाताशी हवा, असं कवळीवाले म्हणत, आणि वरचा जबडा खालच्यावर ठेवून रबर लावत, बुडाला चाकूच्या टोकानं नंबर कोरत आणि मागच्या खोलीतल्या फळीवर जोडी मांडून टाकत.

अशी अकराशेच्या वर तोंडं त्या खोलीत जमली होती. त्यातली निम्मी माणसं एव्हाना जगातून गेली असतील. राहिलेल्यांनाही आपलं तोंड दुसऱ्याच्या घरात फळीवर मिटून बसलंय, याचा पत्ता नसणार.

आता हे घर सोडायचं होतं. गुडघे जिन्याला दाद देत नव्हते. मुलीनं तिच्या घराजवळ तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर बघून ठेवलं होतं, शनिवारी सकाळी टेम्पो यायचा होता. तिनं बजावलं होतं की नव्या घरात दात येणार नाहीत. मग बापाचा चेहरा बघून ती जरा नरमली. चेहरा बघून हे मी उगाच म्हटलं. ती हल्ली त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नसे. खिडकीकडे बघत म्हणाली, "बरं, एक जोडी आणा. एकच."

ही न बघण्याची गोष्ट चार वर्षं चालली होती. मुलगी सगळं करायची. औषधं आणायची, पडदे धुवायची, एक दिवस फोन चुकवायची नाही. पण हे बोलायला लागले की तिची नजर भिंतीवर जायची. आई गेल्यावर तिनं हे घर सोडायला सांगितलं होतं आणि आपण हट्टानं नाही म्हटलं, त्याचा तो राग, असा कवळीवाल्यांनी हिशेब मांडून ठेवला होता. विचारायचं धाडस झालं नव्हतं.

कोणती जोडी न्यायची, हा प्रश्नच नव्हता. बायकोची.

लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हा. हे नवशिके, हात बसवायला तोंड कुणाचं मिळणार? बायको खुर्चीत बसली. तोंडात मापाचा लगदा भरल्यावर तिला हसू फुटलं आणि पहिलं माप बिघडलं. दुसरंही तसंच. तिसऱ्या वेळी यांनी खोटंखोटं डोळे वटारले तेव्हा कुठे ती दोन मिनिटं दम धरून बसली. त्या मापातून निघालेली जोडी ही त्यांची पहिली धड वस्तू. तिच्यावर नंबर कोरला नाही. स्वतःच्या बायकोचं तोंड ओळखायला नंबर कशाला लागतो?

कारागिराचा हा माज त्यांना दोनदा नडला. दुसरी वेळ बायको गेल्यानंतरच्या वर्षी आली. यांचे स्वतःचे दात हलायला लागले, डॉक्टरनं उरलेसुरले काढून टाकले आणि वर हसून म्हणाला, कवळी तुम्हीच करा. परक्या पेशंटची कवळी करताना ते त्याचा तरुणपणचा फोटो हटकून मागून घेत, दात कसे होते ते बघून बसवत. स्वतःच्या वेळी फोटोबिटो काही काढला नाही. आपले दात आपल्याला ठाऊक. तीन दिवस मान खाली घालून बसले, हात चालतील तसे चालू दिले आणि कवळी तोंडात टाकली. चांगली बसली. विषय संपला.

तर सोमवारी त्यांनी कामाला हात घातला. सुरुवात टेबलाच्या खणांपासून केली आणि जोशात बरंच काही कचऱ्यात फेकलं. त्यात पेन्सिलींच्या तुकड्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबाही गेला. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून एक नवी कोरी पेन्सिल आणली, पोत्यांची यादी करायला, आणि मागची खोली उघडली.

भंगारवाला बोलावला होता. त्यानं पहिलं खोकं उघडलं, आत बघितलं, पुन्हा झाकलं आणि दोन पावलं मागे सरला. पंखा घेतो, कपाट घेतो, पण हे नको, म्हणाला. जाताना कपाट न्यायचंही विसरला.

रबरं जुनी झाली होती. इतकी वर्षं जागच्या जागी होती तोवर टिकली, आता हात लागताच तुटायला लागली. खोलीत मधूनच कुठेतरी तट असा आवाज यायचा आणि एक तोंड उघडायचं. कवळीवाले वळून बघेपर्यंत दुसऱ्या फळीवर तट. मंगळवारी दुपारपर्यंत सगळ्या भिंतींवरची तोंडं आ वासून बसली होती आणि मधोमध हा एकटा माणूस स्टुलावर. बेचाळीस वर्षांत ज्या खोलीत त्यांना कधी काही वाटलं नाही, तिथं त्या दुपारी अंगावर काटा आला. उठून त्यांनी दार सताड उघडं करून ठेवलं.

बायकोची जोडी पहिल्या फळीवर असायला हवी होती. नव्हती. रंगकाम झालं तेव्हा सगळं हललं होतं. बिननंबराच्या जोड्या वेगळ्या काढल्या तर त्रेचाळीस निघाल्या. घाईगर्दीत कितीतरी तशाच राहून गेल्या होत्या. काही हरकत नाही, ते स्वतःशी म्हणाले, ओळखू. एकेक जोडी हातात घेऊन खिडकीशी नेली. दहाव्या-बाराव्या जोडीला ते खिडकीशीच थांबले.

त्यांना आठवत नव्हतं.

समोरच्या दोन दातांत फट होती, हे पक्कं. शेजारचा एक दात किंचित वळलेला होता, हेही पक्कं. पण उजवीकडचा की डावीकडचा? बाहेर वळलेला की आत? डोळे मिटून तिचं हसू आठवायला गेले तर चेहरा लख्ख दिसे आणि ओठ घट्ट मिटलेले. जुने फोटो शोधून बघितले. प्रत्येक फोटोत तिनं ओठ दाबून धरले होते. फटीची लाज वाटायची तिला. ज्या माणसानं हजार अनोळखी तोंडं पाठ केली, त्याला स्वतःच्या बायकोचं तोंड आठवू नये, याहून नामुष्की ती कोणती. कवळीवाले स्टुलावर बसून रडले. कुणी बघत नव्हतं, आणि बघणारे होते ते प्लास्टरचे होते.

बुधवारी फट असलेल्या अकरा जोड्या निवडल्या. त्यातल्या वळलेला दात असलेल्या चार. त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि बाकीच्यांची पोती भरायला घेतली. एकटा माणूस, बोलायची सवय. नंबर मोठ्यानं वाचत एकेक जोडी पोत्यात टाकत होते. तेवढ्यात त्यांना शीळ ऐकू आली. अगदी बारीक. खिडकीच्या फटीतून वारा येत असेल म्हणून तिथं कागद कोंबला. पुन्हा वाचायला लागले, सहाशे सत्तर, सहाशे सत्त्याहत्तर, आणि पुन्हा शीळ. ते थांबले की तीही थांबे.

आणि मग हातातली जोडी त्यांनी खाली ठेवली. ही शीळ त्यांना माहीत होती. दातातल्या फटीमुळे बायकोचं बोलणं असंच वाजायचं. "सगळं सांडून ठेवलंत," ती म्हणायची आणि त्या वाक्यात दोनदा शीळ ऐकू यायची. छत्तीस-सदतीस वर्षं कानावर पडलेला आवाज, गेली पाच वर्षं बंद असलेला, आता या खोलीत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी पुढचे नंबर मनात वाचले. शीळ आली नाही. त्यानं बरं वाटायच्याऐवजी जास्तच भीती वाटली.

गुरुवारी सकाळी यादी करायला पेन्सिल उचलली तर तिच्या मागच्या टोकाला दातांचे वळ होते.

सोमवारी आणलेली पेन्सिल. लाकूड चावलेलं, रंग उडालेला. कवळीवाले पेन्सिल चावत नसत, जन्मात नाही. परक्या तोंडांचे साचे हाताळणारा माणूस काही तोंडात घालत नाही. पेन्सिल चावायची ती बायको. कामांची वही तीच लिहायची आणि विचार करताना पेन्सिलीचं टोक तोंडात. तो डबा, सोमवारी फेकलेला, तिच्याच तुकड्यांचा होता, आणि तो फेकून आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं ते आत्ता. कठडा धरून घाईघाईनं खाली गेले. कचरा मंगळवारीच गेला होता.

मुलीला फोन केला. तू मधे येऊन गेलीस का? नाही, ती म्हणाली, उद्या येतेय. आणखी किल्ली कुणाकडे नव्हती.

तासभर ते पेन्सिलीकडे नुसतं बघत बसले. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. पेन्सिलीचं टोक त्यांनी पहिल्या जोडीच्या दातांना लावून पाहिलं. जमलं नाही. दुसऱ्या जोडीचा दात उलट बाजूला वळलेला. तिसरीची फट रुंद. चौथीत टोक सरकवलं आणि वळ दातांवर चपखल बसले. फट तिथेच. डावीकडचा दात, आत वळलेला, त्याचा तिरका ओरखडाही तिथेच.

भीती कुठच्या कुठे पळाली. आपल्याला ओळखता येत नाही हे बघून तिनंच येऊन सांगितलं, एवढंच त्यांना कळलं. दिवसभर ते त्या जोडीशी बोलत राहिले आणि खोलीत शीळ वाजत राहिली. आता ती त्यांना हवी होती.

शुक्रवारी मुलगी आली तेव्हा त्यांनी तिला हात धरून टेबलापाशी नेलं. जोडी दाखवली, पेन्सिल लावून दाखवली, शीळ सांगितली. इतके दिवस आई घरात आहे, म्हणाले. मुलीनं पेन्सिल हातात घेतली. वळांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता.

"बाबा, बसा," ती म्हणाली.

ती याच घरात वाढलेली. खणातून मेणाची पट्टी काढली, चहाच्या भांड्यात पाणी गरम करून त्यात पट्टी मऊ केली, दुमडली, लहानपणी बापाला हजारदा करताना पाहिलं होतं तशी, आणि त्यांच्या तोंडापुढे धरली.

"चावा."

त्यांना काही कळेना, पण चावले. तिनं पट्टी गार पाण्यात धरली, मग चौथ्या जोडीच्या वरच्या जबड्यावर समोरच्या बाजूनं टेकवली. किंचित टक असा आवाज झाला आणि मेण जागेवर बसलं. फट फटीवर. वळलेला दात वळलेल्या खाचेत.

"पेन्सिल तुम्हीच चावता," ती म्हणाली. "यादी करताना. मागच्या वर्षापासून चावलेल्या पेन्सिली बघतेय. आणि शीळही तुमचीच आहे, बोलताना चार वर्षं वाजतेय, तुम्हाला ऐकू आली ती आता. कवळी घालून तुम्ही पहिल्यांदा हसलात ना, त्या दिवशी मी जेवणावरून उठून आत गेले होते. आई हसत होती, बाबा. तुमच्या तोंडातून. तेव्हापासून मला तुमच्याकडे बघवत नाही."

कवळीवाले आरशापुढे गेले. रोज दाढी करताना बघत होते तेच तोंड. ओठ वर उचलले, आणि चार दिवस अकराशे जोड्यांत जे शोधलं ते समोर होतं. डोक्याला आठवलं नव्हतं. हातांना आठवलं होतं. चार वर्षांपूर्वी मान खाली घालून बसले असताना त्यांच्या बोटांनी त्यांना न विचारता तिचे दात मेणात बसवले होते. त्या तीन दिवसांतला एकही दात बसवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ती बोटं नक्की आपलीच चालत होती का, हेही आता सांगता येईना.

त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. गाल आत गेले. नवी करतो, ते बोळक्या तोंडानं म्हणाले, माझा फोटो बघून करतो, तुला त्रास नको.

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. सरळ, डोळ्यांत डोळे घालून, चार वर्षांनी पहिल्यांदा. मग तिनं कवळी उचलली, नळाखाली धुतली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"नको," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठे राहिलीय ती?"

शनिवारी पोती गेली. एक जोडी न्यायची परवानगी होती, ती त्यांनी घेतली नाही. चौथी जोडी शेवटच्या पोत्यात ठेवली आणि तोंड बांधलं. मुलीनं विचारलं तर म्हणाले, एवढ्याशा घरात एकीचीच दोन-दोन तोंडं कशाला? तुझ्या आईला एकच पुरायचं, तेही मिटत नव्हतं.

नव्या घरी खुर्ची आणि पलंग लागल्यावर मुलगी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. हात मांडीवर घट्ट धरले होते, डॉक्टरकडे बसतात तसे.

"हसा आता," ती म्हणाली.

हसण्यासारखं काहीच नव्हतं. कवळीवाले तिला तसं सांगणारच होते, पण त्याआधी त्यांचं तोंड उघडलं, आणि दोन मिनिटं दम धरू न शकणारी एक नवी नवरी त्या खोलीत खळखळून हसली. मुलीनं नजर हलवली नाही. कवळीवाले गप्प बसून ऐकत राहिले.