ल्यूटच्या पुस्तकातलं माझं पान

माझ्या वडिलांचं पुण्यात बाइंडिंगचं दुकान होतं, हे मी अमेरिकेत फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. श्रूजबरीतल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये सगळ्यांचे वडील बँकेत नाहीतर कॉलेजात. सांगितलं ते फक्त त्या बाईंना.

२००३ साल. नवरा आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही. गावाबाहेर एका जुन्या लाकडी कोठारात त्या बाईंचं अँटिक्सचं दुकान होतं. वय साठीच्या पुढे, एकट्याच. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याला ल्यूटचं वेड होतं. ल्यूट म्हणजे फुगीर पोटाचं, मान मागे मोडल्यासारखी दिसणारं तंतुवाद्य. चारशे वर्षांपूर्वी युरोपात घरोघरी वाजायचं. मोडकी ल्यूट आणि त्यांची जुनी छापील पुस्तकं दुकानात ठेवलेली असायची.

मी गेले होते खुर्च्या बघायला. बाई एका फाटक्या पानाला चक्क सेलोटेप लावत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, असं नका करू!"

"मग कसं करायचं ते तू दाखव," त्या हसून म्हणाल्या.

दाखवलं. मग आठवड्यातून दोन दिवस जायला लागले. "व्हॉलंटिअर आहे म्हणायचं," नवऱ्याने बजावलं होतं. "एक डॉलर जरी घेतलास तर लफडं होईल." मी काही घेत नव्हते. पण गिऱ्हाइकं आली की बाई माझा हात धरून पुढे करायच्या, "हे हात बघा!" दोन वर्षं या देशात मी फक्त कुणाची तरी मिसेस होते. त्या एका वाक्यासाठी मी बर्फातून ड्राइव्ह करत जायचे.

ते पुस्तक त्यांनी दुसऱ्या हिवाळ्यात आणलं. लंडनमध्ये छापलेलं, उंच आणि पातळ. उघडलं आणि मी बघतच राहिले. डाव्या पानावर मुख्य गायकाचे सूर, त्याखाली ल्यूटवर बोटं कुठे ठेवायची त्याच्या खुणा. उजव्या पानावर बाकीच्या तिघांचे सूर, पण तीन दिशांना तोंड करून छापलेले. पुस्तक टेबलाच्या मधोमध ठेवायचं आणि चौघांनी चार बाजूंना बसायचं. ज्याला त्याला आपापली बाजू सुलटी दिसते. चौघांत एकच पुस्तक.

त्यातलं एक पान नव्हतं.

बाईंनी कुठल्याशा लायब्ररीतून त्या पानाची कॉपी मिळवली, आणि दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या पुस्तकातला त्याच काळातला कोरा कागद. "एक पान तयार कर," त्या म्हणाल्या. "पुस्तक अपुरं वाटू नये, एवढ्यासाठीच. खाली पेन्सिलीने लिहू, की हे नवीन आहे."

तीन आठवडे लागले. खिडकीच्या काचेवर कागद धरून, टाकाने, एकेक खूण. प्रत्येक आवाजासाठी पान फिरवायचं. मग ते जोडायला मी वडिलांसारखी खळ शिजवली: मैदा, तुरटी, आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, तो तांब्याचा निळा क्षार. मोरचूद इथे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ड्रेनमध्ये शिरलेली झाडांची मुळं मारायला. मोरचूद न घालता खळ करायची असते हे मला माहीतच नव्हतं. पान बसलं. बाईंनी तळाशी पेन्सिलीने एक ओळ लिहिली, माझ्यासमोर.

पुस्तक घेतलं एका निवृत्त शाळामास्तरांनी. ते स्वतः ल्यूट वाजवायचे, आणि दर रविवारी तिघं मित्र त्यांच्याकडे गायला जमायचे. मला बघितलं की जरा वाकडेतिकडे हात जोडून नमस्ते म्हणायचे.

ते यायच्या सकाळी पुस्तकावरून शेवटचा हात फिरवायला बाईंनी ते माझ्याकडे दिलं. मी माझं पान उघडलं. पेन्सिलीची ओळ नव्हती. घडीत खोडरबरचे कण अडकले होते.

मी मऊ ब्रशने ते झटकले.

हे पुढे कितीतरी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. मी मागच्या खोलीत जाऊन चहा ठेवला. दार अर्धं उघडं होतं. मास्तरांनी विचारलेलं मला स्वच्छ ऐकू आलं, "सगळी पानं मूळचीच ना?"

"सगळीच्या सगळी," बाई म्हणाल्या.

मी कप हातात धरून उभी राहिले.

बाई काय म्हणाल्या ते घरी नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "अगं, आपला काय संबंध?"

"पान मी केलंय."

"म्हणूनच तर! ग्रीन कार्डचे पेपर्स आत्ताच फाइल झालेत. उद्या कुणी विचारलं, ही बाई तिथे काय करते, तर? गप्प बस यार."

मी गप्प बसले. दुकानात जातही राहिले. बाई तितक्याच मायेने वागत होत्या, आणि मला वाटायचं, असेल त्यांचं काही कारण. माझ्यावर माया करणारं माणूस खोटारडं निघू नये, अशी माझीच गरज होती.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर पुस्तक घेऊन आले. हात जोडले नाहीत. काउंटरवर ठेवून माझं पान उघडलं. घडीलगत हिरवट निळी रेघ उमटली होती. त्यांच्या घरात ओल असणार. एका जाणकाराला त्यांनी ते दाखवलं होतं. शाई नवी, अक्षर हाताचं, आणि खळीत तांबं आहे, असं तो म्हणाला होता.

बाईंनी चष्मा लावून पान बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, अशा आश्चर्याने, की क्षणभर मलाच वाटलं की त्यांना खरंच माहीत नाही.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "मी तिला फक्त सफाईला दिलं होतं. त्यांच्या देशात अशीच दुरुस्ती करतात वाटतं. मी डोळे झाकून विश्वास टाकला हो!"

तेच हात. गिऱ्हाइकांना दाखवायचे तेच हात त्यांनी पुढे केले होते, आणि आवाजसुद्धा तोच, मायेचा.

मास्तर माझ्याकडे वळले. "पान तुम्ही केलंत?"

"हो. त्यांनी सांगितलं म्हणून."

"आणि त्या हे मूळचं म्हणून विकणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर, बाईंवर नाही. "मला सांगितलं असतं तरी मी हे घेतलं असतं," ते म्हणाले. "अशी पुस्तकं पुरी कुठे मिळतात? हाताने लिहिलेल्या पानावरूनही गाता येतं." पुस्तक मात्र त्यांनी तिथेच ठेवलं. फसवून दिलेलं पुस्तक मित्रांपुढे टेबलावर ठेवणं त्यांना जमणार नव्हतं.

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "मनावर नको घेऊस गं. धंदा आहे." मी पर्स उचलली आणि निघाले.

महिन्याने त्यांचा फोन. "अपुरं पुस्तक आता कुणी घेणार नाही. सुटी पानं फ्रेम करून विकते. शिलाई तुझ्याइतकी सफाईने कुणाला उसवता येणार? येतेस?" मी फोन ठेवला. नंतर कळलं, दुसऱ्या कुणीतरी उसवलं. चौघांसाठी छापलेलं पान आता भिंतीवर टांगलेलं, एकच बाजू सुलटी.

मास्तरांचं मात्र दर ख्रिसमसला कार्ड यायचं. पहिल्यात लिहिलं होतं, तुमचा वापर करून घेतला गेला, वाईट वाटून घेऊ नका. मीही तसंच धरून चालले. ग्रुपमधल्या बायकांना हा किस्सा सांगायचे तेव्हाही त्यात फसवली गेलेली मीच असायचे. "किती भोळी गं तू!" त्या म्हणायच्या.

२००८मध्ये ग्रीन कार्ड आलं. त्याच आठवड्यात मी मास्तरांना फोन केला. त्याआधी केला नाही, हेही लिहून ठेवते.

त्यांना खूप आनंद झाला. मी म्हणाले, "त्या दिवशी मी मागच्या खोलीत होते. तुम्ही विचारलेलं मी ऐकलं होतं. त्याआधी पेन्सिलीची ओळ खोडलेलीही बघितली होती. खोडरबरचे कण मीच झटकले."

मी वाट बघत होते, कशाची ते आता सांगायला लाज वाटते. ते "असू दे" म्हणतील याची.

"मी मित्रांना सांगत आलोय," ते सावकाश म्हणाले, "की त्या दुकानात एकच माणूस खरं बोललं. चार वर्षं सांगतोय."

"सॉरी," मी म्हणाले.

"रविवारी येतील ते," ते म्हणाले. "आता त्यांना हेही सांगावं लागेल."

मग त्यांनी, फोन केल्याबद्दल, अगदी रीतसर माझे आभार मानले आणि फोन ठेवला. त्या डिसेंबरात कार्ड आलं नाही.