दुसऱ्या खेपेचे काका

माझी मैत्रीण सुलू, तिचे बाबा जगातली कुठलीही गोष्ट पहिल्या खेपेला मंजूर करीत नसत. ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण करून त्यांना दाखवली असती, तरी "ठीक है भिया, एकदा परत करून दाखवा" असं म्हणून ते घरी निघून आले असते. इंदूरच्या मल्हारगंजात आमची घरं समोरासमोर. काका कापडाच्या मिलमध्ये घडी खात्यात होते. तयार तागा आधी सुलटा पसरून बघायचा, मग उलटा, आणि त्यानंतरच पास करायचा, हे त्यांचं काम. हाच नियम त्यांनी साऱ्या आयुष्याला लावला होता. राजवाड्याजवळ पोहे खायला गेले, तर पहिली प्लेट नुसती चाखायला आणि दुसरी खायला. काकूंना बघायला गेले, तेव्हा चहा पिऊन काही न बोलता उठले. हा नकारच, असं धरून मुलीकडच्यांनी दुसरं स्थळ शोधायला घेतलं, तर पुढच्या रविवारी हे एकटेच दारात हजर. "उस दिन उजेड जरा कम होता," असं कारण दिलं म्हणे. "मग उजेडात असं काय दिसलं यांना, ते अजून नाही सांगितलं," असं काकू आम्हा मुलींना ऐकवायच्या, आणि काका पेपरमागे तोंड लपवून हसायचे.

निकालांच्या दिवसांत तर काकांना ऊत यायचा. गल्लीतलं कुणी इंजिनिअरिंगच्या किंवा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत घसरलं, की काका न बोलावता त्याच्या घरी. एक वर्ष घरी बसून तीच परीक्षा परत देणं, याला आमच्याकडे ड्रॉप घेणं म्हणतात. आईबाप डोक्याला हात लावून बसलेले असत आणि काका चहात बिस्कीट बुडवत म्हणत, "अहो, पहिल्या बार में कोण पास होतं? मुलगा हुशार आहे. एक बार और!" मुलगा हुशार नसला तरी सल्ला तोच.

ते दिवस वाईट होते. पेपरात खुल्या बाजाराच्या गोष्टी यायच्या आणि इंदूरच्या मिलचे भोंगे एकेक करून गप्प होत होते. काकांची मिलही बंद पडली. काका मात्र रोज डबा घेऊन सायकलने फाटकाशी जात, जुन्या सोबत्यांबरोबर दिवसभर निंबाखाली बसत आणि संध्याकाळी वेळेवर घरी येत. सांवेर रोडवरच्या एका कारखानदाराने त्यांना पॅकिंगवर देखरेखीला बोलावलं होतं. "मिल खुली की मला सोडून जावं लागेल, फुकट तुमची पंचाईत," असं सांगून काका नाही म्हणून आले. घर काकूंच्या शिलाईवर चाललं होतं.

अशातच सुलूची पीएमटी, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, थोडक्यात हुकली. काका जेवत होते, मी तिथेच बसले होते. आता काकांचा तो सल्ला येणार म्हणून वाट पाहत होते, पण काका भिंतीकडे बघत राहिले. शेवटी सुलूच म्हणाली, "बाबा, मी बी.एस्सी.ला नाव घालते. सकाळी कॉलेज, दुपारी ट्यूशन घेईन."

"ते तर ठीक है, बेटा. पण तुझ्या मनात काय आहे?"

सुलू हळूच म्हणाली, "परत बसायचंय."

"तो बैठ," काका म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी डबा तोच, सायकल तीच, पण गल्लीच्या तोंडाशी ती मिलकडे वळलीच नाही. काका चुकून वळले असं वाटून काकूंनी हाकही मारली. ते सांवेर रोडला गेले होते, नाकारलेली नोकरी मागायला. त्यानंतर वर्षभर त्यांनी घरात मिलचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी सुलूला मेडिकल मिळालं. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पेढे घेऊन आम्हा दोघींना थेट मिलच्या फाटकाशी नेलं. निंबाखाली आता मोजकेच लोक उरले होते. त्यांनी काकांना मिठ्या मारल्या, सुलूच्या डोक्यावर हात ठेवले. एका म्हाताऱ्याने पेढा तोंडात टाकत विचारलं, "और भिया, तुम तो बाहर घूमते हो. मिल का क्या सुना?"

काका क्षणभर गंजलेल्या फाटकाकडे बघत राहिले.

"खुलेगी," ते म्हणाले. "पक्का खुलेगी." आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

परत येताना काका सायकल हातात धरून पुढे चालत होते. त्यांना गाठायचा धीर आम्हा दोघींनाही झाला नाही.