इंजिनावरचा दुपट्टा

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, "कोनी हसून बोललं तरी तुमाले त्यात डाव दिसते." दिसतो तर दिसतो! ज्याच्या अंगावर डबे आले त्याला विचारा.

वाशीमजवळच्या एका गोदामाच्या सायडिंगवर आम्ही मालगाडीचे डबे लावायचो. खताचे रिकामे करायचे, सोयाबीनचे भरायचे. डबे एकमेकांत आपोआप अडकतात. पण ब्रेकच्या हवेचा पाइप हातानंच जोडावा लागतो, आणि त्यासाठी दोन डब्यांच्या मधे शिरावं लागतं. तेव्हा इंजिन वीतभर हललं तरी खेळ खलास. वॉकीटॉकी दोन होते. एकाची बॅटरी मेलेली, दुसरा साहेबाच्या टेबलावर. म्हणून छोट्या लाइनीच्या काळातल्या म्हाताऱ्यांची रीत आम्ही चालवायचो. मधे शिरणाऱ्यानं डोक्याचा दुपट्टा ड्रायव्हरच्या खिडकीसमोर, इंजिनाच्या कठड्याला बांधायचा. बाहेर आल्यावर ज्याचा त्यानंच सोडायचा. दुपट्टा आहे तोवर इंजिन हलत नसे.

माझा जोडीदार आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो. बारा वर्षं त्याच्या घरची भाजी अन् माझ्या घरची भाकर. मग मुकादमाची जागा रिकामी होणार असं कळलं आणि आमचं बोलणं आटलं. त्या आठवड्यात तो साहेबाच्या खोलीतून बाहेर येताना मला दोनदा दिसला. कायले गेला होता? मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

मे महिन्यातली दुपार. मी चौथ्या-पाचव्या डब्यांच्या मधे वाकून पाइप जोडत होतो आणि भोंगा वाजला. उडी मारली, तरी पायरीच्या लोखंडानं खांदा फोडलाच. गिट्टीवर पडल्या पडल्या पाहिलं, तर जोडीदार पळत येतोय आणि त्याच्या हातात माझा दुपट्टा. पाणी गळत असलेला.

"अरे बापा! ऊन लय होतं रे. भिजवून तुह्या डोक्याले आनून राह्यलो होतो. ध्यानातच नाही आलं!"

ध्यानात नाही आलं? बारा वर्षं रोज पाळलेली गोष्ट? ड्रायव्हर म्हणाला, मी खाली हवेच्या दाबाच्या काट्यांकडे पाहत होतो, वर पाहिलं तर दुपट्टा नाही, वाटलं गडी बाहेर आला. त्याचं मी मानलं. याचं नाही मानलं.

दवाखान्यात तो रोज आला. बायकोला वाटे, किती जीव लावतो. मला वाटे, मी काय बोलणार त्याचा अंदाज घ्यायला येतो.

मग साहेबांनी बोलावलं. "दुपट्टा-बिपट्टा नियमात नाही. एक तर तुमचा निष्काळजीपणा, नाहीतर त्यानं मुद्दाम केलं. काय लिहू?"

टेबलावरच्या वॉकीटॉकीबद्दल कुणी विचारू नये म्हणून त्यांना एक नाव हवं होतं, हे मला कळत होतं. चांगलं कळत होतं. माझं नाव लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण खोटं काहून बोलू, भीतीपेक्षा रागच जास्त होता.

"मुद्दाम," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात त्याला काढलं. फाटकाशी तो थांबला होता. "तुले खरंच तसं वाटते?"

"तुह्या मनातलं मले काय मालूम?" म्हणून मी आत गेलो. पुढं मुकादम मीच झालो.

परवा, तीन वर्षांनी, त्याचा फोन आला. आवाज लगेच ओळखला.

"खांदा कसा हाय रे आता?"

हा आज काहून विचारतो? काय पाहिजे याला? कोणी शिकवून फोन करायला लावला? डोकं लगेच सुरू झालं.

"राँग नंबर," मी म्हणालो.

"बरं, बरं," तो म्हणाला. "जपजो."